आधी कामाचे नाव लिहिणारे दिगंबरराव

दिगंबररावांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते माझ्या वडिलांचे पत्र वाचत होते. औंढा नागनाथच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली त्यांचे टेबल असे. टेबलावर टाइपरायटर, शिक्क्याची शाई, तपकिरीची डबी आणि समोर बसायला एक बाकडे. त्या बाकड्यावर माझी आई बसली होती आणि तिच्या ओढणीला धरून मी उभी होते. आमचा तांडा शिरड शहापूरच्या वरच्या अंगाला, माळावर. आईला आम्ही याडी म्हणतो. याडीला वाचता येत नव्हते आणि तांड्यातले ज्यांना वाचता येई ते बहुतेक माझ्या वडिलांबरोबरच परराज्यातल्या एका पोलाद कारखान्यात गेलेले. म्हणून पत्र आले की याडी बाजाराच्या दिवशी एस.टी.ने औंढ्याला येई. दिगंबरराव चष्मा पुसत, पत्र आधी मनाशी वाचत आणि मग सावकाश मोठ्याने वाचून दाखवत. मी पाच-सहा वर्षांची असेन. हा धोतरातला परका माणूस माझ्या बापाच्या तोंडचे बोलतो याचा मला फार राग आला होता, हे आज कबूल करते.

अर्ज लिहून देणाऱ्याला आमच्याकडे अजून जुन्या वळणाने अर्जनवीस म्हणतात. दिगंबररावांचे घराणे देवळाच्या सेवेतले. सकाळची देवळातली पाळी उरकायची आणि दहाच्या ठोक्याला टेबलाशी बसायचे, असा त्यांचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा परिपाठ. त्यांच्या अर्जाला कचेरीत कधी त्रुटी निघाली नाही, असे जुने कारकून सांगतात. या यशाचे गुपित ते मोकळेपणी सांगत. "कचेरीला तुमचं दुखणं नको असतंय. तिला तिच्या रकान्यात बसणारा शब्द पायजे असतोय. तो शब्द दिला की काम झालं." हा शब्द त्यांना अचूक सापडे. सापडला की ते आधी चिमूटभर तपकीर ओढत आणि मगच टाइपरायटरवर बोटे टेकवत. शिंक आली तर अर्ज मंजूर, असा एक विनोदच तालुक्यात होता.

त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथासाठी मी लिहावे असे समितीने कळवले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसायलाही सांगितले नाही. म्हणाले, "सुनीता, माझ्यावर लिहायचं असंल तर थावराचं प्रकरण लिही. ते गाळून लिहिणार असशील तर लिहूच नको." थावरा म्हणजे माझे वडील. ते प्रकरण गाळले तर मला खरोखरच काही लिहिता येणार नाही. म्हणून गौरवलेखात जे सहसा लिहीत नाहीत ते मी लिहिणार आहे. समितीने आणि वाचकांनी सांभाळून घ्यावे.

कारखान्यात आमच्या माणसांना पोलादाला हात लावायची वेळच येत नसे. ही माणसे ठेकेदाराकडे कामाला होती. भट्टीच्या आणि वाफेच्या नळांना पांढरा दोर आणि पांढरे कापड गुंडाळलेले असे. जुने झाले की ते हाताने फाडून काढायचे आणि नवे गुंडाळायचे, हे त्यांचे काम. ही माणसे कापसाच्या मुलखातली, त्यामुळे त्या वस्तूला ती कापूसच म्हणत. न जळणारा कापूस. शेडमध्ये त्याचा पांढरा भुगा दिवसभर उडे, जेवणाच्या डब्यात पडे, पापण्यांवर बसे. त्याचे खरे नाव ॲस्बेस्टॉस, हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्याचे बारीक तंतू छातीत गेले की बाहेर येत नाहीत, पंधरा-वीस वर्षे गप्प राहतात आणि मग फुप्फुस आतून कडक होत जाते, हेही कोणी सांगितले नाही. ठेका संपला, माणसे परत आली, शेतीला लागली. वडील परत आल्यावर आमच्या घरात काही वर्षे फार सुखाची गेली. मग त्यांना माळ चढताना दम लागू लागला. मग त्यांच्याबरोबर शेडमध्ये राबलेल्या फुलसिंगभाऊंना. मग एकेक करून अकरा जणांना.

दिगंबररावांचे मोठेपण मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. एस.टी. स्टँडपासून तहसीलपर्यंत थोडासा चढ आहे. धडधाकट माणसाला तो जाणवतही नाही. वडील एकदा कसल्याशा दाखल्यासाठी गेले, तर त्या चढावर तीनदा खाली बसले. दिगंबररावांनी टेबलाशी बसून ते पाहिले. पुढच्या मंगळवारी त्यांचे टेबल स्टँडवर, रसवंतीच्या शेजारी मांडलेले होते. लिंबाखालची मोक्याची जागा दुसऱ्या अर्जनवीसाने त्याच दिवशी धरली आणि ती त्यांना पुन्हा मिळाली नाही. घरच्यांनी विचारले, काहून हलवलं टेबल? तर म्हणाले, "तिथं हवा बरी हाय." एस.टी.च्या धुरात बसून हवा बरी आहे म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच टेबलावर ती चूक झाली. माणसे कामाला निकामी झाली होती. निराधारांच्या सरकारी योजनेत त्यांना बसवावे असे दिगंबररावांच्या मनात आले. अर्जात आजाराचे नाव लिहावे लागते. वडिलांची थुंकी तीनदा तपासून झाली होती आणि तिन्ही वेळा त्यात काही निघाले नव्हते. पण दवाखान्याने संशयावरून मध्ये कधीतरी क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याची चिठ्ठी होती.

"दम लागतोय म्हणून लिहा," वडील म्हणाले.

"दमाला रकाना न्हाई, थावरा. क्षयरोगाला हाय."

"पण काका, मला क्षय न्हाई म्हनलेत."

"अरे, कागदावर हाय. छातीत कुठं हाय?"

तपकीर ओढून झाली आणि प्रतिज्ञालेख टाइप झाला: मी गेल्या दोन वर्षांपासून क्षयरोगाने आजारी आहे. वडिलांनी सही केली. त्याच साच्यात बाकीच्या दहांचे झाले. कुणी सही केली, कुणी अंगठा. सगळे मंजूर झाले. तांड्याने दिगंबररावांना बोलावून फेटा बांधला, नारळ दिला. ते परवा मला सांगत होते, "त्या दिवशी मी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या."

पुढे वडील फारच थकले तेव्हा त्यांना नांदेडला छातीच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्या डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "तुम्ही काम काय करत होता?" इतक्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पण हा प्रश्न विचारणारे ते पहिले. मग खरे नाव कळले. मी त्या वेळी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला. कारखान्याच्या वकिलांनी आपल्या फाइलमधून एकच कागद काढला. तो तहसीलमधून नक्कल काढून आणलेला वडिलांचाच प्रतिज्ञालेख होता.

वडील साक्षीला उभे होते. उभे कसले, त्यांना खुर्ची दिली होती.

"ही सही तुमचीच?"

"व्हय."

"वाचून केली होती?"

"व्हय."

वडिलांनी एवढेच सांगायला हवे होते की हा शब्द माझा नाही, अर्जनवीसांनी घातला. दिगंबरराव मागच्या बाकावर बसले होते. वडिलांनी ते सांगितले नाही, मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. आणि दिगंबररावही उठले नाहीत. दावा फेटाळला गेला. अर्जदाराने स्वतःच शपथेवर क्षयरोग सांगितला आहे, मग ॲस्बेस्टॉसचा प्रश्न येतो कुठे? परत येताना गाडीत मी वडिलांवर संतापले. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्या मानसानं आपल्यासाठी धडपड केली पोरी. त्याला भर कोर्टात लबाड म्हनू काय म्या?" अपिलाचे कागद तयार होण्याआधीच वडील गेले. शेवटचे दोन महिने ते बसूनच झोपत, आडवे झाले की श्वास पुरत नसे. मी दिगंबररावांशी तीन वर्षे बोलले नाही. ते रस्त्यात दिसले तर मी वाट बदलत होते. माझा राग खोटा नव्हता आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

त्या तीन वर्षांत त्यांचे काय चालले होते हे मला इतरांकडून कळे. काही महिने त्यांनी टाइपरायटरवरचे फडकेच काढले नाही. पुन्हा बसू लागले ते वेगळे होऊन. अर्ज कशाचाही असो, रेशनकार्डाचा असो की फेरफाराचा, त्यांचा पहिला प्रश्न एकच: "काय काम करत होता?" आणि उत्तर ते अर्जाच्या अगदी वरती, समासात लिहू लागले. कारकून वैतागले. "काका, ह्याला रकाना न्हाई इथं!" दिगंबरराव शांतपणे म्हणत, "न्हाई ना? म्हणूनच समासात लिहिलंय." ज्यांच्या अर्जाला जन्मात त्रुटी निघाली नव्हती त्यांचे अर्ज आता परत येऊ लागले. गिऱ्हाईक कमी झाले. त्यांनी समास सोडला नाही. त्या समासातूनच कळले की डोंगरकडा गावाकडचेही काही जण तसल्याच शेडमध्ये राबून आले आहेत आणि क्षयाच्या गोळ्या गिळून राहिले आहेत.

साठी ओलांडल्यावर हा माणूस कायदा शिकला. माझी जुनी पुस्तके माझ्या धाकट्या भावाकडून त्यांनी परस्पर नेली होती, हे मला उशिरा समजले. स्टँडवर ते आजही जे सांगतात ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण हा ग्रंथ वाचणाऱ्यांच्या गावातही कुणीतरी खोकत असेल. "आधी छातीच्या डॉक्टरकडं जा, आणि त्याच्या कागदावर तुझ्या कामाचं नाव लिहून घे. ठेकेदार पळाला तरी भिऊ नको, ज्याच्या आवारात राबलास त्या मूळ मालकाकडंही मागता येतंय. दावा तू राहतोस तिथं लावता येतोय, परराज्यात खेटे घालायची गरज न्हाई. मुदत दोन सालांची हाय, पण दुखणं उशिरा कळलं असंल तर तसं सांगून उशीर माफ करून मागता येतोय. पगारातून सरकारी विमा कापत होते का ते आठव, कापत असतील तर दरवाजा येगळा हाय. आणि माणूस गेला तरी बायकोला मागता येतंय." हे सगळे सांगून झाले की ते शेवटी म्हणतात, "आणि ज्या रोगाचं नाव डॉक्टरनं सांगितलं न्हाई, ते कुणालाच लिहू देऊ नको. मलाबी."

आमचा अबोला संपला तो फुलसिंगभाऊंमुळे. अकरांपैकी आता तिघे उरले आहेत. फुलसिंगभाऊंनी मला बोलावून सांगितले, "तू थावराची पोर हायेस. आमचा दावा तूच लाव." पण कारखान्यात काम केल्याचा पुरावा कुणाकडेच नव्हता. ठेकेदाराने कागद म्हणून दिला नव्हता आणि कारखाना म्हणत होता, ही माणसे आमच्या आवारात कधी आलीच नाहीत. दिगंबररावांना ते कळले आणि एका सकाळी ते तांड्यावर आले. माळाचा चढ चढून, वाटेत दोनदा बसून. त्यांच्याही छातीत एव्हाना हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र बसवलेले होते. माझ्याकडे न पाहता ते याडीला म्हणाले, "वहिनी, थावराची पत्रं हायेत का? त्याच्यात शेडचं नाव हाय, बराबरच्या माणसांची नावं हायेत, वर पोस्टाचा शिक्का हाय. मला आठवतंय. मीच वाचलीत."

याडीने पेटी उघडली. पत्रे मी तोवर कधी हातात घेतली नव्हती. ऐकलेली होती, म्हणून वाचावीशी वाटली नव्हती. त्या दिवशी ओट्यावर बसून मी ती एकामागून एक मोठ्याने वाचू लागले. शेडचे नाव होते. फुलसिंगभाऊंचे नाव होते. आणि मग एक ओळ आली: थुंकी पांढरी पडते, रात्री छातीवर धोंडा ठेवल्यागत वाटते, मुकादम म्हणतो गूळ खा म्हणजे भुगा पोटात उतरतो. पुढच्या पत्रातही तसेच. त्याच्या पुढच्यातही.

याडीने हात वर करून मला थांबवले. "हे तर म्या कवाच ऐकलं न्हाई."

मी दिगंबररावांकडे पाहिले. ते मान खाली घालून बसले होते. "वाचलं न्हाई मी. गाळलं," ते म्हणाले. "तुमच्या कडेवर लेकरू, येवढ्या लांबून आलेल्या. म्हटलं, काहून घोर लावायचा?"

"तवा वाचलं असतं तर म्या त्याला परत बोलावलं असतं."

"व्हय," ते म्हणाले.

मला ओरडावेसे वाटत होते आणि समोरच्या माणसाची अवस्था पाहून ओरडताही येत नव्हते. शेवटी याडीनेच पत्रांची चळत केली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. "न्या कोर्टात. पर आता समदं वाचा. काई गाळू नका."

गुरूंची थोरवी सांगताना शिष्य त्यांच्या चुका झाकतो. मी झाकल्या नाहीत, कारण दिगंबररावांची थोरवी त्या दोन चुकांनंतर सुरू होते असे माझे मत आहे. चुका दयेतून झालेल्या होत्या, हे खरे. पण दया करणारा निवांत झोपतो आणि भोगणारा दुसराच असतो, हे मला त्यांनीच शिकवले. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी वाईट बातमी आता पूर्ण सांगते. तसे करणे जड जाते, पण गाळत नाही.

तिघांचे दावे लागले आहेत. कारखान्याच्या वकिलांनी पुन्हा तेच क्षयरोगाचे प्रतिज्ञालेख पुढे केले आहेत. पत्रांमुळे नोकरी सिद्ध होईल. पण तो एक शब्द कुणाचा, हे एकच माणूस सांगू शकतो. दिगंबररावांनी आपणहून साक्षीदारांच्या यादीत नाव घालायला लावले. मी वकील म्हणून त्यांना धोका समजावून सांगितला: खोटा प्रतिज्ञालेख लिहिल्याची कबुली आहे, गोष्ट अंगाशी येऊ शकते. त्यांच्या मुलांनी हात जोडले. फेटे बांधून घ्यायच्या वयात कोर्टात उभे राहून स्वतःला लबाड म्हणवून घेणार का, असे विचारले. समितीतल्या काही वडीलधाऱ्यांनीही सुचवले की निदान सोहळा होईपर्यंत हे बोलू नये. त्यावर ते एवढेच म्हणाले, "मागच्या बाकावर एकदा बसून बघितलंय मी. पुन्हा बसवत न्हाई."

तारीख दोनदा पुढे गेली आहे. फुलसिंगभाऊ आता घरीच ऑक्सिजनच्या नळीवर आहेत. परवा भेटले तर मला म्हणाले, "काकाला म्हनावं, म्या वाट बघून राहिलो." एका वाक्याला त्यांना तीनदा थांबावे लागले.

अशा लेखाच्या शेवटी शंभर वर्षांचे आयुष्य चिंतायचे असते. काका, माझ्या तोंडून ते सहज निघत नाही, म्हणून आधी लहान मागणे मागते. पुढच्या तारखेला या. कोर्टाच्या पायऱ्या सावकाश चढा, हवे तितक्या वेळा बसा, मी थांबेन. मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारीन की हा शब्द कुणी लिहिला, आणि तुम्ही सांगाल. त्या वेळी मी तुमच्याकडे पाहीन तेव्हा माझ्या नजरेत राग नसेल, हे आजच लिहून ठेवते. त्यानंतरचे आयुष्य मात्र तुम्ही पोटभर जगा, निरोगी जगा, तुमच्या नागनाथाजवळ आमची याडीही तेच मागते. वडिलांबरोबर त्या शेडमध्ये गेलेल्यांपैकी साठी अजून कुणीच पाहिलेली नाही, फुलसिंगभाऊसुद्धा अजून तिथे पोहोचलेले नाहीत. आमच्या तांड्यावरच्या लेकरांना म्हातारा पुरुष कसा असतो ते माहीत नाही. तुम्ही येत जा, ओट्यावर बसत जा आणि आमच्या देखत खूप म्हातारे व्हा.